नाव विकत मिळतं, अंगठा नाही

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मधे मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, महिनाभर डोळ्यांत थेंब घालण्यात गेला. धाकट्या जावेनं तर फोन करून विचारलं, "जाऊबाई, लिहिणं सोडलंत की काय?" सोडलेलं नाही. पण आज लिहिते आहे ते रागानं, हे आधीच सांगून ठेवते. छत्तीस वर्षं शाळेत काढली. वर्गावर रागावायची सोय निवृत्तीबरोबर गेली, तेव्हा आता तुमच्यापुढेच.

माझी थोरली नात कपड्यांच्या डिझाइनचा अभ्यासक्रम करते. परवा चार दिवस राहायला आली होती. तिला एक प्रकल्प दिला होता, स्त्रियांचे उंची कपडे करणाऱ्या एखाद्या जुन्या कंपनीचा इतिहास लिहायचा. तिच्या वाट्याला आलं होतं पॅरिसचं 'व्हिओने' हे नाव. संस्थेनं दिलेल्या टिपणात इतिहास कसा, तर चार चौकटींचा. 1912 स्थापना. 1923 भरभराट. 1939 बंद. 2006 पुनरुज्जीवन. शेवटच्या दोन चौकटींच्या मधे तुटक रेघ, आणि तिच्यावर एकच शब्द : 'खंड'.

मी विचारलं, "ह्या 67 वर्षांत काय झालं गं?"

"काही नाही आजी. ब्रँड झोपला होता."

त्यांच्या धंद्यात म्हणे असंच म्हणतात. माणूस मेला तरी नाव मरत नाही, ते झोपतं, आणि पैसेवाला कोणी येऊन त्याला उठवतो. मी मराठी आणि गणित शिकवणारी बाई. फॅशनशी माझा संबंध इस्त्री केलेल्या सुती साडीपुरता. पण इतिहासाच्या वहीत 67 वर्षं कोणी अशी रेघ मारून उडवली, तर मला गप्प बसवत नाही. नातीनं ग्रंथालयातून बेटी कर्क यांचं भलंमोठं पुस्तक आणलं होतं. 1998 साली इंग्रजीत निघालेलं, आणि त्यात ह्या बाईंचे कपडे कसे बेतले ते आकृत्यांसकट दिलेलं. इंग्रजी माझं बेताचंच, पण आकृत्या म्हणजे शुद्ध भूमिती. चार दिवस आम्ही दोघी त्यावर वाकून बसलो होतो. त्यातून, आणि तिनं आणखी जे शोधून वाचून दाखवलं त्यातून, मला जे कळलं ते सांगते.

मादलेन व्हिओने. मी त्यांना मादलेनबाईच म्हणणार. जन्म 1876, फ्रान्समधल्या एका खेड्यात. आई सोडून गेलेली, वडिलांनी वाढवलं. अभ्यासात हुशार असूनही अकरा-बारा वर्षांची असताना शाळा सुटली आणि पोर एका शिंपिणीच्या हाताखाली कामाला लागली. (इथे माझ्यातल्या मास्तरणीच्या पोटात कालवलं. अशा किती मुली मी पाहिल्या!) लवकर लग्न, एक मुलगी झाली ती तान्हेपणीच गेली, मग घटस्फोट. बाई उठून एकट्या लंडनला गेल्या. तिथे आधी एका इस्पितळात शिवणकाम केलं, मग कपड्यांच्या एका पेढीत. पॅरिसला परतल्यावर कालो भगिनींच्या प्रसिद्ध पेढीत खऱ्या अर्थानं शिकल्या, आणि ते ऋण त्यांनी जन्मभर मानलं. पुढे दूसे यांच्याकडे असताना त्यांनी कपडे दाखवणाऱ्या मुलींचे कॉर्सेट काढून टाकले आणि त्यांना अनवाणी चालवलं, तेव्हा पेढीवरचीच माणसं बिथरली. कॉर्सेट म्हणजे कमरेला आवळायचा तो पिंजरा. 1912 मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, रिव्होली रस्त्यावर स्वतःची पेढी काढली. दोन वर्षांत महायुद्ध आलं, ती बंद ठेवावी लागली, युद्ध संपल्यावर पुन्हा उघडली.

आता त्यांनी केलं काय, ते समजून घ्यायचं तर एक साधा सुती रुमाल हातात घ्या. खरंच घ्या, मी थांबते.

समोरासमोरच्या दोन कडा धरून ओढा. फारसा ताणत नाही, कारण तुम्ही धाग्याच्या दिशेनं ओढता आहात. आता समोरासमोरचे दोन कोपरे धरून ओढा. रुमाल लांबतो, मधे निमुळता होतो. उभे आणि आडवे धागे आता तिरपे पडले, त्यामुळे कापडात लवचीकपणा आला. आपल्याकडे पोलक्याच्या गळ्याला क्रॉस पट्टी लावतात ती ह्याचसाठी, वळणावर ती नीट बसते. युरोपातही तिरपं कापड पट्ट्यांसाठी, गळ्यासाठी वापरतच होते. मादलेनबाईंनी अख्खा पोशाखच तिरपा बेतला. मग आत हाडं घालायला नकोत, टक्स घालून कापड जबरदस्तीनं वळवायला नको. बाई चालली की कापड तिच्याबरोबर चालतं. कागदावर चित्र काढून त्या काम करत नसत. सुमारे 80 सेंटीमीटर उंचीची लाकडी बाहुली पुढ्यात ठेवून तिच्यावर कापड टाचून बघत. 1920च्या सुमाराला त्यांनी चार चौकोनी तुकड्यांचा एक पोशाख केला होता. चौकोन तेच, फक्त कोपऱ्यावर टांगलेले. आम्ही आजोबांचे चार जुने रुमाल घेऊन नातीच्या लहानपणीच्या बाहुलीवर तो करून पाहिला. टाचण्या लावून हात काढला आणि रुमाल असे काही खाली ओघळले की आम्ही दोघी बघतच राहिलो. 45 अंशाचा कोन मी जन्मभर फळ्यावर काढला, पण त्याला अंगावर पडताना पहिल्यांदाच पाहिलं.

इथवर टिपणाशी माझं भांडण नाही. 'तिरपा बेत' हे दोन शब्द त्यातही होते. माझं भांडण पुढे आहे.

1923 साली पेढी अव्हेन्यू माँतेनवर मोठ्या वास्तूत गेली. गालरी लाफायेत ह्या मोठ्या दुकानाचे मालक तेओफिल बादेर यांचं भांडवल त्यात होतं. रने लालीक यांची काच, भिंतींवर चित्रं, हे सगळं टिपणात होतं. नव्हतं ते हे : तिथे पुढे सुमारे 1,200 माणसं कामाला होती, बहुतेक बाया. त्यांच्यासाठी जेवणाची खोली होती. डॉक्टर होता, दातांचा डॉक्टर होता. बाळंतपणाची रजा होती, लेकरांना ठेवायची सोय होती. पगारी सुट्टी होती, आणि ती कधी, तर फ्रान्समध्ये पगारी सुट्टीचा सरसकट कायदा झाला 1936 मध्ये, त्याच्या आधी कितीतरी वर्षं. 1927 मध्ये पेढीतच शाळा काढली, नव्या मुलींना तिरपा बेत शिकवायला. आणि शिवणाऱ्या बायांना बसायला नुसती स्टुलं होती सगळीकडे, तिथे ह्यांनी पाठीला टेकू असलेल्या खुर्च्या दिल्या.

टेकूच्या खुर्च्या! मी नातीला विचारलं, "हे तुमच्या चौकटीत का नाही?" ती म्हणाली, "आजी, ते एचआरमध्ये येतं. हा ब्रँडचा इतिहास आहे."

मंडळी, राग आला तो ह्या वाक्याचा. नातीचा नाही, ती शिकवलेलं बोलते. पण कापड कोणी बेतलं, टाके कोणी घातले, कोणाची पाठ मोडली आणि कोणी ती मोडू नये म्हणून खुर्ची दिली, हा जर कंपनीचा इतिहास नसेल, तर इतिहास कशाचा? पाटीचा?

आता अंगठ्याची गोष्ट. मादलेनबाईंच्या कपड्यांच्या नकला फार होत. कोणीतरी एक पोशाख विकत घ्यायचा, उसवायचा, आणि स्वस्तात दहा करायचे. बाईंनी प्रत्येक पोशाखाचे पुढून, बाजूनं, मागून फोटो काढून नोंदवह्या ठेवल्या. नकला करणाऱ्यांना कोर्टात खेचलं आणि खटला जिंकला. आणि कपड्याच्या आत जी नावाची पट्टी शिवतात, तिच्यावर सहीबरोबर स्वतःच्या अंगठ्याचा ठसा उमटवला. मी तरुणपणी रात्रीच्या प्रौढवर्गात बायांना सही शिकवायचे. अंगठा सोडायचा आणि नाव लिहायचं, ही तिथली मोठी पायरी. आणि इथे ही बाई नाव लिहून वर अंगठा देते! का, तर नाव कोणीही लिहू शकतो, हे तिला ठाऊक होतं.

1939 मध्ये दुसरं महायुद्ध तोंडावर असताना त्यांनी पेढी बंद केली. वय 63. पुढे 36 वर्षं त्या जगल्या. 1975 साली, 98 वर्षांच्या होऊन गेल्या. मधल्या काळात काय केलं? 1952 मध्ये, म्हणजे साधारण माझ्याच आजच्या वयाच्या असताना, त्यांनी 122 पोशाख, मांजरपाटावर बेतलेले साडेसातशे नमुने आणि फोटोंच्या 75 वह्या पॅरिसमधल्या वेशभूषेच्या एका संस्थेला देऊन टाकल्या. ज्या नकलांसाठी कोर्टात गेल्या, त्याच कपड्यांची गुपितं स्वतःच्या हातानं दिली! मला ह्यात विसंगती दिसत नाही. चोरणाऱ्याला कोर्ट आणि शिकणाऱ्याला कपाटाची किल्ली. कुठलीही चांगली शिक्षिका हेच करते, परीक्षेत कॉपी करणाऱ्याचा पेपर काढून घेते आणि तास संपल्यावर त्याच मुलाला गणित समजावते.

तर हा तुमचा 'खंड'. ह्याच खंडात 1973 साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात त्यांचे कपडे मांडले गेले. 1975 साली ते प्रदर्शन जपानात क्योटोला गेलं. ह्याच खंडात बेटी कर्क बाई ते कपडे आतून-बाहेरून बघत, मोजत, बेत पुन्हा कागदावर आणत बसल्या होत्या. इस्से मियाके यांच्यासारख्या मोठ्या जपानी कलावंतानं त्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिली. कंपनी नव्हती, दुकान नव्हतं, मालक नव्हता. विद्या मात्र हातोहात चालली होती. माझ्या हिशेबानं व्हिओनेचा वारसा ह्याच वर्षांत सर्वांत जागा होता.

आणि 'पुनरुज्जीवन' काय, तेही पाहा. 1988 मध्ये एका फ्रेंच कुटुंबानं नाव विकत घेतलं. 2006 मध्ये सोफिया कोकोसालाकी ह्या ग्रीक डिझायनरला आणून कपडे सुरू झाले. पुढच्याच वर्षी डिझायनर बदलला. 2009 मध्ये नाव इटलीच्या मात्तेओ मार्झोत्तो आणि त्यांच्या भागीदाराकडे गेलं. 2012 मध्ये ते गोगा अश्केनाझी ह्या कझाकस्तानात जन्मलेल्या उद्योजक बाईंकडे गेलं. 2018 मध्ये ती कंपनीही गुंडाळायला घेतली. बारा वर्षांत तीन मालक. उद्या आणखी कोणी पाटी पुसून लावेल. ह्या डिझायनर लोकांत गुणी माणसं होती, त्यांच्या कामाबद्दल मी काही म्हणत नाही. माझं म्हणणं त्या शब्दाबद्दल आहे : वारसा.

आपल्याकडे वारस म्हणजे काय हे कोणालाही विचारा. बाप गेला की घर मिळतं, तसं बापाचं देणंही अंगावर येतं. घरातली म्हातारी आत्या सांभाळावी लागते. श्राद्ध घालावं लागतं. नुसतं घर घेतलं आणि देणेकऱ्याला दारातून हाकललं, तर गाव त्याला वारस म्हणत नाही, गाव त्याला वेगळं काहीतरी म्हणतं. मग ज्यानं 'व्हिओने' हे नाव विकत घेतलं, त्यानं 1,200 बायांच्या खुर्च्या, दातांचा डॉक्टर, बाळंतपणाची रजा आणि शाळा हेही वारशात घेतलं का, हा प्रश्न तरी विचारा. उत्तर काय येईल ते येवो. कदाचित चांगलंही येईल. पण टिपणात प्रश्नच नाही! तिथे वारसा म्हणजे लोगो, जुने फोटो आणि 'पॅरिस 1912' ही अक्षरं.

नातीनं माझ्याशी भांडण केलं, आणि चांगलं केलं. ती म्हणाली, "आजी, शनेल बघ. तिनंही 1939 मध्ये दुकान बंद केलं, पण 1954 मध्ये परत उघडलं, आणि आज तिचं नाव लहान पोराला माहीत आहे. तुझ्या मादलेनबाईंना कोण ओळखतं? बाजारात त्या हरल्याच ना?" बरोबर आहे. शनेलबाई एकाहत्तराव्या वर्षी परत उभ्या राहिल्या, त्यांच्या जिद्दीला नमस्कार. पण त्याच शनेलबाईंच्या कामकरणींनी 1936 च्या संपात मालकिणीलाच दारात अडवलं होतं, हेही त्या इतिहासात लिही म्हटलं. जिंकणं-हरणं मोजायचं तर कोणत्या पट्टीनं, ते आधी ठरवावं लागतं. गणितात एकक न लिहिता उत्तर दिलं तर मी अर्धा मार्क कापायचे.

ती असंही म्हणाली, "आणि तुझ्या बाई काय संत होत्या का? कपडे श्रीमंतांचेच करत होत्या." हेही मान्य. जी बाई तो पोशाख शिवत होती, तिला तो जन्मात घेता आला नसता. दातांचा डॉक्टर दिला म्हणजे समता आली असं मी म्हणत नाही. मी एवढंच म्हणते की श्रीमंतांच्या कपड्यांच्या धंद्यातसुद्धा पाठ टेकायला खुर्ची देता येते, हे शंभर वर्षांपूर्वी एका बाईनं करून दाखवलं. म्हणून "धंद्यात असं चालतंच" हे मला कोणी सांगू नये.

आता खरं सांगते, हे एवढं का लागलं.

माझी आई शिवायची. हाताचं मशीन, जमिनीवर बसून, एका हातानं चाक फिरवायचं आणि दुसऱ्यानं कापड सरकवायचं. गल्लीतल्या बायांची पोलकी, पोरींचे परकर. एका पोलक्याचे आठ आणे. बाईकडे नुसतं बघून ती माप सांगायची, फीत नंतर, खात्रीपुरती. खण असा बेतायची की चिंधी उरायची नाही. मी जवळ बसले की म्हणायची, "तू पुस्तक घे, हे नको." मी पुस्तक घेतलं. बी.ए. झाले, नोकरी लागली, पेन्शन मिळाली, सगळं त्या मशीनवर. शेवटच्या काही वर्षांत आईची पाठ सरळ होत नव्हती. कुशीवर वळूनच झोपायची.

ते मशीन आज आमच्या दिवाणखान्यात आहे. मुलानं पॉलिश करून घेतलं आणि काचेच्या टेबलावर ठेवलं. येणारे जाणारे कौतुक करतात, फोटो काढतात. मीही सांगते, "आईची आठवण, आमचा वारसा." आणि तिचं बेतणं? ते मला येत नाही. माझ्या बहिणींनाही येत नाही. चिंधी न उरवता खण कसा कापायचा हे तिच्याबरोबर गेलं, कारण आम्ही कोणी विचारलं नाही, आणि तिलाही वाटलं की हे देण्यासारखं काही नाही. म्हणजे मंडळी, पाटी पुसून लावणाऱ्यांत मीही आहे. कंपनीवाल्यांवर रागावता रागावता रविवारी माझी नजर त्या मशीनवर गेली आणि थोडा वेळ बोलवेना.

मादलेनबाईंनी 1952 मध्ये साडेसातशे नमुने दिले ते म्हणून मला मोठं वाटतं. आपल्या हातातलं देण्यासारखं आहे हे त्यांना माहीत होतं, आणि दुकान चालवायला कोणी नसलं तरी शिकायला कोणीतरी येईल, एवढा विश्वास होता. नाव त्यांनी कपाटात ठेवलं नाही, काम ठेवलं. नाव मागाहून बाजारात फिरलं, तीन मालकांच्या हातून गेलं. अंगठा मात्र जिथे उमटला तिथेच आहे, त्या जुन्या कपड्यांच्या आत.

नातीनं शेवटी प्रकल्प बदलला. 'खंड' हा शब्द खोडला आणि तिथे एक मोठी चौकट काढली : 1952, देणगी. त्याआधी दुसरी चौकट : खुर्च्या. मार्क कमी पडतील म्हणाली. पडू देत म्हटलं, आजीकडून पुरवणी घे.

जाताना तिनं आईचं मशीन टेबलावरून खाली उतरवलं. तेल घातलं. दोरा कुठून ओवायचा ते मला आठवत होतं, तेवढं मी सांगितलं. चाक अजून फिरतं.

असो. तुमच्यापैकी कोणाच्या घरी आई, आजी, आत्या बेतणाऱ्या असतील, आणि सुदैवानं अजून असतील, तर यंदाच्या दिवाळीत त्यांचा फोटो काढू नका. समोर मांजरपाट पसरा आणि म्हणा, "मला कापून दाखव." जे दिसेल ते वहीत उतरवून ठेवा, आणि मलाही कळवा. खण बेतायला शिकायचं माझं राहून गेलं आहे.